नकाशातली बाग

“मॅडम, हे जरा हिरवं करा ना.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत मला ते ऐकू यायला लागतं. विश्रांतवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर माझी एक खोली आहे. दारावर पाटी: शकीला कादर, ग्राफिक डिझायनर. पाटी अब्बांनी ब्रशने रंगवलेली आहे, आणि ती बघून निम्मी माणसं विचारतात, “फॉन्ट कुठला हो?” खाली गिरणी सुरू झाली की माझं टेबल थरथरतं. त्या थरथरत्या टेबलावर मी वीस वर्षं लोकांची दुकानं, लग्नं आणि दवाखाने मांडत आले, आणि वीस वर्षं लोक मला सांगत आले की तुमचं काय, दोन क्लिकचं काम.

दोन क्लिक! डोकं फिरतं माझं.

शालू धानोरीत काळा मसाला करते. तिला पाकिटावर बैलजोडी, सूर्य आणि नऊवारीतली हसरी बाई हवी होती, कारण शेजारच्या पाकिटावर तेच होतं. मी तिच्या स्वयंपाकघरात दोन दिवस ठाण मांडून बसले. मिरच्या भाजताना डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी वहीत रेघोट्या मारतेय. दुसऱ्या दिवशी तिची नणंद मसाला मागायला आली. शालूने वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, पुडी बांधली, दोऱ्याचे तीन वेढे घातले आणि टोक दाताने तोडलं. मला पाकीट मिळालं. काळी पुडी, पांढरा दोरा, बाकी काही नाही. शालू म्हणाली, “एवढंच? बैल कुठंयत?” पाकीट धो धो चाललं. आता ती सगळ्यांना सांगते की कल्पना तिचीच होती.

एका दातांच्या डॉक्टरकडे मी तासभर नुसती बाकावर बसले होते. बसलेला प्रत्येक माणूस आतल्या दाराच्या कडीकडे बघत होता. म्हणून मी म्हटलं, धीर द्यायचा तर त्या कडीपाशी द्या, बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवर एक छोटी पाटी लावा. डॉक्टर म्हणाले, “त्यापेक्षा एका दाढेला गॉगल घाला.” घातला. लोकांना आवडला. मला अजून राग येतो.

हे सगळं मी अब्बांकडून शिकले. अब्बा म्हणजे कादर पेंटर. पेठांमधल्या ज्या तिरकस पाट्यांचं सगळं जग कौतुक करतं, त्यातल्या कितीतरी त्यांच्या हातच्या. टोमणा घरमालकाचा, अक्षर अब्बांचं. त्यांचे दोन नियम होते. पाटी रंगवण्याआधी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं, वाचणारा जिथून बघणार तिथून आधी आपण बघायचं. आणि कामाखाली नाव घालायचं. नाव घालायची लाज वाटेल असं काम घ्यायचंच नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कामाचं बोलणं अब्बा मराठीतच करतात, कारण अक्षर ते मराठीत शिकले. त्यामुळे घरात ते मराठी बोलायला लागले की मी सावरून बसते.

मला त्यांनी पहिल्यांदा अक्षर शिकवलं नाही, झाड शिकवलं. एका दूध डेअरीची पाटी होती, मी नऊ वर्षांची होते. चपट्या ब्रशचा एक उभा फराटा, खोड. वर तीन ठोके, डावीकडे, उजवीकडे, मधोमध. आणि मग डाव्या बाजूला, झाडापासून सुटा, एक छोटा ठोका. “ते काय?” मी विचारलं. “गळणारं पान,” अब्बा म्हणाले. “त्यानं झाड जिवंत दिसतं.” पुढे मी कॉम्प्युटर शिकले, तेव्हा ते झाड तसंच्या तसं त्यात उतरवून घेतलं. माझ्या प्रत्येक कामात ते कुठे ना कुठे असायचं. शालूच्या पाकिटाच्या मागेही होतं.

तर, हिरवं करा.

सन २००९मध्ये जयसिंग माझ्याकडे आला. आमच्या येरवड्यातल्या गल्लीला लागून त्याच्या घरची शेती होती. गाव कॉर्पोरेशनमध्ये गेलं, शेताचा प्लॉट झाला आणि जयसिंगचा जयसिंगशेठ झाला. दोन इमारती बांधायला घेतल्या होत्या, त्यांचं ब्रोशर हवं होतं. ब्रोशरमध्ये एक पान नकाशाचं असतं. हा नकाशा कुठल्याही मोजणीशी देणंघेणं न ठेवता काढायचा, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. स्टेशन जवळ ओढायचं, विमानतळ जवळ ओढायचा, नाला पुसायचा, तुरुंग तर कागदाबाहेरच ढकलायचा.

मी मात्र आधी खरा नकाशा काढते. चालून काढते. तेव्हा अब्बांना बरोबर घेऊन निघाले. चौकटींचा कागद, पेन्सिल, पावलं मोजत. गल्ली आमचीच, चांद गल्ली. पहिलं घर बांधणारे चांद मिस्त्री माझे आजोबा. बासष्ट दारं, दोन नळ, एक लिंब, कोपऱ्यावर रहीमचं सायकलीचं दुकान. अब्बांनी बारीक ब्रशने कागदावर प्रत्येक घराचं नाव घातलं आणि खाली तारीख आणि ‘कादर’. इतका देखणा कागद झाला की मी तो फ्रेम करायचा विचार केला होता.

त्यावरून मी कॉम्प्युटरवर नकाशा केला आणि जयसिंगला दाखवला. त्याने बोट ठेवलं.

“हे मधे काय काळं काळं दिसतंय?”

“चांद गल्ली. घरं आहेत.”

“ते माहितीय हो मॅडम. पण गिऱ्हाईक विचारतं ना. हे जरा हिरवं करा.”

आणि मी केलं. कॉम्प्युटरवर चित्राचे एकावर एक थर असतात, त्यातला बासष्ट घरांचा थर बंद केला, हिरवा भरला. एक क्लिक, दोन क्लिक. लोकांचं बरोबरच होतं म्हणायचं. हिरवा नुसता भकास दिसत होता, म्हणून वर सात-आठ झाडं ठेवली. अब्बांची. माझ्या स्वतःच्या घरावर तिसरं झाड आलं. मला हसू आलं होतं तेव्हा, हे मी लपवणार नाही. मी हसले, आणि पानाच्या कडेला उभं, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘डिझाइन: शकीला कादर’ घातलं. नाव घालायचं असतं ना!

त्यात मला काही वावगं दिसलं नाही. नकाशात झाड काढल्याने घर पडत नाही, असं मला वाटत होतं.

आठ वर्षांनी, २०१७च्या जानेवारीत, जयसिंग पुन्हा आला. आता गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन. तिसरी इमारत निघाली होती. “मॅप जुनाच घ्या,” तो म्हणाला. “चांगला होता. बाग जरा मोठी दाखवा, गल्लीच्या त्या टोकापर्यंत.” मी मान डोलावली. वहीत लिहून घेतलं: बाग मोठी. अशी मी.

त्याच दुपारी जेवायला घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी बायका घोळक्याने उभ्या होत्या. बेगमखाला, आमच्या शेजारीण, हातात कागद घेऊन मोठ्याने रडत होत्या. वॉर्ड ऑफिसची नोटीस. बासष्ट घरांना बासष्ट. बागेच्या जागेवर अतिक्रमण झाल्याची तक्रार शेजारच्या सोसायटीने केली आहे, तरी पुरावे घेऊन दहा दिवसांत सुनावणीला हजर राहावं.

बाग! चांद गल्लीत! जिथे तुळशीची कुंडी ठेवायला जागा नाही तिथे. माझं रक्त उसळलं. मी तिथेच उभी राहून सोसायटीला, ऑफिसला, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आमच्या घरांतले दिवे काय यांना आज दिसले? पन्नास वर्षांची वस्ती बागेत उगवली का? बायका माझ्याकडे आशेने बघत होत्या. शिकलेली पोर. बेगमखालांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “शकीला, तू है तो फिकर नहीं.” नदीला पाणी आलं त्या वर्षी निम्म्या घरांचे कागद वाहून गेले होते. त्यांच्याकडे पुरावा म्हणून दाखवायला ते स्वतःच होते.

मी घरात शिरले. अब्बा खाटेवर बसले होते, मांडीवर नोटीस. त्यांनी चष्मा लावला होता, आणि वरून भिंगही धरलं होतं. नोटिशीला एक झेरॉक्स जोडलेली होती.

“हे झाड माझं आहे,” अब्बा म्हणाले. मराठीत.

मी कागद घेतला. जयसिंगच्या ब्रोशरमधला माझा नकाशा, काळा-पांढरा, झेरॉक्सची झेरॉक्स. हिरव्याचा राखाडी झालेला. कडेची माझ्या नावाची ओळ कापली गेली होती, अर्धं ‘डि’ तेवढं उरलेलं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. आणि प्रत्येक झाडाच्या डावीकडे एक ठिपका होता. बाकी कुणालाही तो झेरॉक्सचा मळ वाटला असता.

“हे सुटं पान मी तुला शिकवलं,” अब्बा म्हणाले. “दुसरं कुणी काढत नाही.”

त्यांनी कागद परत घेतला. नोटीस घडी घालून उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेर बेगमखाला कुणाला तरी सांगत होत्या की शकीला बघेल सगळं.

मी जेवले नाही. तडक जयसिंगच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत गार हवा, आणि बाहेरच्या पडवीत त्याची म्हातारी आई सरुबाई शेंगा सोलत बसलेली. मी आत जाऊन झेरॉक्स त्याच्या पुढ्यात आपटली.

“हे खोटं आहे, असं लिहून द्या.”

जयसिंगने कागद बघितला. “अहो मॅडम, बसा तरी. हे माझ्या त्या दोन इमारतींतल्या सोसायटीवाल्यांचं लफडं आहे. मला पण ताप आहे तो.”

“तुम्ही त्यांना बाग दाखवलीत.”

“मी?” तो खरंच चकित झाल्यासारखा बघत होता. मग त्याने ड्रॉवर उघडला, जुनं ब्रोशर काढलं, शेवटचं पान उलगडलं आणि सगळ्यात खाली नखाने रेघ ओढली. “वाचा.”

मला वाचायची गरज नव्हती. ती ओळ मीच बसवली होती, शक्य तितकी बारीक. ‘सर्व चित्रे व नकाशे ही केवळ कलाकाराची कल्पना आहे.’

“आता कलाकार कोण, ते तुम्हीच सांगा,” जयसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “वकिलाला विचारूनच टाकली होती ती ओळ. आमचं काही नाही त्यात.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून मी केलं!”

“मी लाख सांगीन. तुम्ही नाही म्हणायचं होतं.”

त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं, आणि त्याहून जास्त हे वाटलं की तो बरोबर बोलतोय. हाच माणूस, ज्याला मी मनातल्या मनात अडाणी म्हणत आले, तो बरोबर बोलत होता.

तेवढ्यात दारातून सरुबाईंचा आवाज आला. “कादर पेंटरची गल्ली म्हंतीस का गं? ती हाय की. म्या लगीन होऊन आले तवापासनं हाय. आमच्या गाडीवर नाव त्यानंच घातलंतं.”

“आई, तू बाहेर बस,” जयसिंग म्हणाला.

“बाहेरच हाय,” म्हातारी म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

जाताना जयसिंगने मला आठवण करून दिली. तिसऱ्या इमारतीचं काम, नंतर चौथीचं, त्याच्या मेव्हण्याचं मंगल कार्यालय. “उगाच पुढे पुढे करू नका,” तो म्हणाला. “झेरॉक्सवर तुमचं नाव सुद्धा नाही. कुणाला कळतंय?”

हेच तर. कुणालाच कळत नव्हतं, आणि पुढचे आठ दिवस मी त्या कळत नसण्यावर जगले. गल्लीतले लोक लाइट बिलं, रेशन कार्डं, शाळेचे दाखले गोळा करत होते आणि मी त्या कागदांना फाइली लावून देत होते, नंबर घालत होते, व्यवस्थित, माझ्या सुरेख अक्षरात. बेगमखालांनी माझ्यासाठी खिमा पाठवला. मी तो खाल्ला. अब्बा माझ्याशी फक्त दखनीत बोलत होते, पाणी दे, औषध दे, दिवा लाव. मराठीचा एक शब्द नाही.

नवव्या दिवशी मी शनिवार पेठेत गोपाळकृष्णच्या छापखान्यात गेले. गोपाळकृष्ण म्हणजे माझं सगळं काम छापणारा माणूस. त्याला एक खोड आहे, छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तो साल घालून ठेवून देतो. मी २००९ची प्रत मागितली. त्याने कपाटावर चढून गठ्ठा काढला, धूळ झटकली, नकाशाचं पान उघडलं आणि कडेचं माझं नाव वाचलं. वर्तमानपत्रात आमच्या गल्लीबद्दल चार ओळी आल्या होत्या. त्याने त्या वाचल्या असाव्यात.

“कटिंग मशीन मोकळं आहे,” तो म्हणाला. “कड कापून देऊ?”

टोमणा होता की मदत, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी ब्रोशर तसंच पिशवीत टाकलं. घरी येऊन पेटीतून चौकटींचा कागदही काढला.

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर होती. गल्लीतली चाळीसेक माणसं जिन्यात उभी. अब्बा मागच्या बाकावर, पांढरा सदरा, हातात काठी. सोसायटीतर्फे अध्यक्ष श्रीधर आगाशे आले होते, बँकेतून निवृत्त, इस्त्रीची पँट, प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळं क्रमाने लावलेलं. त्यांना मी आठ दिवस मनात शिव्या घालत होते. आगाशे उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, आमचं कुणाशी वैर नाही. आयुष्यभराची पुंजी घालून आम्ही घर घेतलं. खिडकीसमोर बाग आहे असं छापील दाखवलं गेलं. बाग नाही. मग ती गेली कुठे, एवढंच आम्ही विचारतोय.”

साहेबांनी झेरॉक्स उचलली आणि गल्लीच्या लोकांकडे बघितलं. “यावर तुमचं काय म्हणणं? दोन हजार नऊ साली इथे मोकळी जागा दिसते.”

कुणीतरी लाइट बिल पुढे केलं. साहेबांनी ते उलटंपालटं केलं. बेगमखालांनी मला कोपराने ढोसलं. बोल. तू शिकलेली.

“ती बाग कुठेही गेलेली नाही,” मी म्हटलं. “ती नव्हतीच. ती मी काढली.”

“आपण कोण?”

“मी शकीला कादर. हे ब्रोशर माझं आहे.” मी पिशवीतून मूळ प्रत काढली, कडेच्या नावावर बोट ठेवलं. मग चौकटींचा कागद उलगडला. “आणि हा त्याच्या तीन आठवडे आधीचा. तारीख बघा. बासष्ट घरं. आम्ही चालून मोजली होती. मला सांगितलं हिरवं करा, मी केलं. मला माहीत होतं तिथे घरं आहेत. माझं स्वतःचं घर आहे तिथे.”

आगाशे माझ्याकडे वळले. “म्हणजे, आमची फसवणूक आपण केलीत.”

“हो.”

“सगळं माहीत असून.”

“हो म्हटलं ना!” मी ओरडले. कुणावर ओरडत होते कोण जाणे. “माहीत असून. आणि तुम्हीसुद्धा, काका, घर घ्यायच्या आधी एकदा खिडकीशी उभं राहून खाली बघितलं असतं तर बासष्ट पत्रे दिसले असते. ब्रोशर बघत बसलात.”

आगाशे लाल झाले आणि फाइल बंद करून खाली बसले. साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला, दोन्ही कागद ठेवून घेतले, सही घेतली. मोजणी खात्याकडून पाहणी होईपर्यंत कारवाई थांबवली असं म्हणाले. जिन्यात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेगमखाला माझ्याजवळून गेल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, “घरकीच निकली.” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. जिना उतरेपर्यंत फोनवर जयसिंगचा निरोप आला होता, सगळी कामं दुसरीकडे दिली आहेत.

अब्बा माझ्यासाठी थांबले नव्हते. मी घरी पोचले तेव्हा ते खाटेवर बसून काठी पुसत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“बोला काहीतरी,” मी म्हटलं. “शिव्या द्या. मी सांगितलं की सगळं. नाव सुद्धा दाखवलं.”

“दाखवलंस,” ते म्हणाले. मराठीत. मी सावरून बसले. “पाहणी होईल. गल्ली राहील, नाही राहणार, अल्ला जाणे. पण ते झाड आता काढू नकोस.”

“अब्बा...”

“माझं आहे ते. तुला दिलं होतं. परत दे.”

एवढं बोलून ते उठले आणि नमाजाला गेले. मी तिथेच बसून होते. इतक्या दिवसांत रडले नव्हते, तेव्हा रडले, आणि रडतानाही मला रागच येत होता, माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीवरच्या खोलीत जाऊन सगळ्या फाइली उघडल्या. शालूच्या पाकिटामागचं झाड पुसलं. लग्नपत्रिकांवरची पुसली. मग नकाशांवर आले. वीस वर्षांचे नकाशे. एकेका नकाशातलं झाड काढलं की खाली हिरवा उघडा पडायचा, आणि हिरव्याखाली बंद केलेला थर असायचा, कारण मी काहीच कायमचं पुसत नाही, ती माझी सवय आहे. थर चालू केला की दारं दिसायची. एकूण अकरा हिरवे निघाले. अकरा! चांद गल्ली सोडून दहा. एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की त्यातल्या तिसऱ्या झाडाखाली कुणाचं घर आहे.

त्यातला सगळ्यात जुना २००६चा होता. खडकवासल्याच्या रस्त्यावर, कालव्याच्या काठाला, दुसऱ्याच एका बिल्डरचं काम. चौकटींचा कागद सापडला. सत्तावीस घरं, एक हातपंप, एक चिंच. एका घरापुढे मी ‘चहा दिला’ असं लिहून ठेवलं होतं. बाईचं नाव लिहिलं नव्हतं.

मी स्कूटर काढली आणि निघाले. ठरवलं होतं की त्या बाईला शोधायचं, सांगायचं, काही कागद आला तर मला बोलवा, मी साक्षीला येते. वाटेत वाक्यं जुळवत होते.

कालव्याशी पोचले. लोखंडी फाटक होतं, त्यावर वेळा लिहिलेल्या. आत लाल मातीची पायवाट, बाकडी, घसरगुंडी, आणि ओळीने लावलेली झाडं, पुरुषभर उंच झालेली. पांढरे बूट घातलेली माणसं गोल गोल चालत होती. चिंच होती. हातपंप नव्हता.

रखवालदार झाडांना पाणी घालत होता. मी त्याला विचारलं, इथली घरं कुठे गेली?

“घरं?” त्याने पाइप खाली केला. “न्हाय ताई, चुकला तुमी. हितं पहिल्यापासनं बागच हाय.”

मी त्याच्याशी भांडले नाही. त्याच्याशी तरी काय म्हणून भांडू? आजूबाजूच्या इमारतींत, दुकानांत, चहाच्या टपरीवर विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. एका बाईने मला माझंच ब्रोशर आणून दाखवलं, त्यांच्या घराच्या कागदांबरोबर जपून ठेवलेलं. बघा, बाग आहे ना आधीपासून.

मग मी रस्ता ओलांडला आणि अब्बा सांगायचे तशी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. तिथून सगळं एकदम दिसत होतं. मध्ये हिरवळ, कडेने झाडं, कुठेही काही खटकत नव्हतं. बाग अगदी मी काढली होती तशीच झाली होती.